अडीच मैलांची वाटचाल : इंडियानापोलिस मोटर स्पीडवे, १९०९ ते २०२५

अमेरिकेतील इंडियाना राज्याची राजधानी असलेल्या इंडियानापोलिस शहराच्या मध्यभागापासून सुमारे पाच मैल वायव्येला १९०९ साली शेतजमीन होती. आज त्याच जागेवर जगातील सर्वांत मोठ्या क्रीडास्थळांपैकी एक उभे आहे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस येथे ‘इंडियानापोलिस ५००’ ही पाचशे मैलांची शर्यत होते. उघड्या चाकांच्या, एकाच चालकाच्या गाड्या अडीच मैलांच्या वळसेदार धावपट्टीवर दोनशे फेऱ्या मारतात आणि तीन लाखांहून अधिक प्रेक्षक ते पाहतात. या लौकिकामागे एका शतकाहून मोठी वाटचाल आहे. तिच्यात प्राणहानी आहे, दोन महायुद्धे आहेत, ओसाड पडलेली वर्षे आहेत, संघटनांमधील फूटही आहे. प्रत्येक आघातानंतर या संस्थेने धावपट्टीवर, नियमांत किंवा व्यवस्थेत काहीतरी सुधारले, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती सोपवले.

स्थापनेची कल्पना कार्ल फिशर यांची. मोटारींच्या पुढच्या दिव्यांसाठी ॲसिटिलीन वायू पुरवणाऱ्या ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ या उद्योगात त्यांनी आणि जेम्स ॲलिसन यांनी पैसा मिळवला होता. त्या काळी इंडियानापोलिस हे मोटार बनवणारे महत्त्वाचे शहर होते. पण तेथील कारखान्यांना आपली गाडी पूर्ण वेगाने चालवून तपासता येईल असा रस्ता कुठेच नव्हता. गाड्यांची चाचणी घ्यायची आणि अधूनमधून शर्यती भरवून ग्राहकाला गाडीचा कस दाखवायचा, असा दुहेरी हेतू फिशर यांनी मांडला. ‘नॅशनल’ मोटार कंपनीचे आर्थर न्यूबी आणि कार्ब्युरेटर बनवणारे फ्रँक व्हीलर हे दोन भागीदार येऊन मिळाले. मार्च १९०९ मध्ये अडीच लाख डॉलर भांडवलाची कंपनी नोंदली गेली आणि तीनशेहून अधिक एकर जागेवर काम सुरू झाले.

धावपट्टीचा आराखडा साधा होता. पाच-अष्टमांश मैलाचे दोन लांब सरळ भाग, एक-अष्टमांश मैलाचे दोन आखूड भाग आणि पाव मैलाची, आतल्या बाजूला ९ अंश १२ मिनिटे कललेली चार वळणे, अशी एकूण अडीच मैलांची फेरी. हे माप आणि हा आकार आजवर बदललेला नाही. येथील पहिला कार्यक्रम मात्र मोटारींचा नव्हता. ५ जून १९०९ रोजी धावपट्टी अपूर्ण असतानाच येथे बलूनची शर्यत झाली.

ऑगस्ट १९०९ मध्ये पहिल्या मोटार शर्यती झाल्या आणि संस्थेची पहिली कठोर परीक्षाही त्याच आठवड्यात झाली. धावपट्टी खडी आणि डांबराची होती. वेगवान चाकांखाली ती उखडली, दगड उडू लागले, खड्डे पडले. तीन दिवसांत पाच जणांचे प्राण गेले. त्यांत दोन प्रेक्षकही होते. शेवटच्या दिवसाची तीनशे मैलांची शर्यत मध्येच थांबवावी लागली. धावपट्टी कायमची बंद करावी अशी मागणी झाली असती तर ती अनाठायी ठरली नसती. संस्थापकांनी मात्र मूळ चूक पृष्ठभागाची आहे हे ओळखले आणि सगळी धावपट्टी विटांनी फरसबंद करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मजुरांनी ६३ दिवसांत सुमारे ३२ लाख विटा हाताने बसवल्या. प्रत्येक विटेचे वजन चार किलोहून अधिक होते. त्या मजुरांची नावे इतिहासात फारशी नोंदली गेली नाहीत, पण ‘ब्रिकयार्ड’ हे या स्थळाचे जगभर रूढ झालेले नाव त्यांच्याच श्रमांतून आले.

१९१० साली येथे अनेक शर्यती झाल्या, पण हंगाम पुढे सरकला तशी गर्दी ओसरत गेली. तेव्हा भागीदारांनी निर्णय घेतला की वर्षाला एकच शर्यत घ्यायची, ती दिवसभर चालेल इतकी लांब असावी आणि तिचे बक्षीस त्या काळी कोणी ऐकले नसेल इतके मोठे असावे. ३० मे १९११ रोजी मेमोरियल डेच्या सुट्टीला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. चाळीस गाड्या उतरल्या होत्या आणि सुमारे ८० हजार प्रेक्षक जमले होते. स्थानिक ‘मार्मन’ कारखान्याचे अभियंते रे हॅरून हे निवृत्तीतून परत येऊन पिवळ्या ‘वॉस्प’ गाडीवर बसले. इतर गाड्यांत चालकाशेजारी मेकॅनिक बसत असे आणि मागून येणाऱ्या गाडीची वर्दी तो देई. हॅरून एकटे होते. त्यांनी गाडीवर आरसा बसवला आणि मागचा रस्ता स्वतः पाहिला. मधल्या टप्प्यात सायरस पॅट्श्के या जोडीदाराने काही काळ गाडी सांभाळली. ६ तास ४२ मिनिटांनंतर, ताशी ७४.६०२ मैल या सरासरी वेगाने, हॅरून विजयी झाले. सॅम डिक्सन या मेकॅनिकचा त्या दिवशी अपघाती मृत्यू झाला, ही नोंदही त्या विजयाइतकीच या संस्थेच्या पहिल्या पानावर आहे.

पुढच्याच वर्षी चिकाटीचा एक प्रसंग येथे घडला. १९१२ च्या शर्यतीत राल्फ डिपाल्मा यांनी १९६ फेऱ्या आघाडी राखली होती. शेवट दृष्टिपथात असताना इंजिन निकामी झाले. ते आणि त्यांचे मेकॅनिक रुपर्ट जेफकिन्स खाली उतरले आणि गाडी ढकलत निघाले. विजय जो डॉसन यांना मिळाला, पण लोकांच्या स्मरणात दोघेही राहिले. १९१५ साली डिपाल्मा यांनी ही शर्यत जिंकली. १९१३ मध्ये फ्रान्सचे ज्यूल्स गू ‘पूजो’ गाडीवर जिंकले आणि शर्यत खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय झाली. पहिल्या महायुद्धामुळे १९१७ आणि १९१८ या वर्षी शर्यत झाली नाही. त्या काळात ही जागा लष्करी विमानांच्या उपयोगी पडली.

१९२७ साली संस्था दुसऱ्या हाती गेली. पहिल्या महायुद्धातील अमेरिकेचे अग्रगण्य लढाऊ वैमानिक एडी रिकनबॅकर यांनी सहकाऱ्यांसह ती विकत घेतली. युद्धापूर्वी ते स्वतः या विटांवर गाडी चालवत असत. त्यांच्या वाट्याला महामंदी आली. कारखान्यांना परवडावे आणि अधिक गाड्या उतराव्यात म्हणून १९३० पासून नियम सैल केले गेले, शेजारी बसणारा मेकॅनिकही परत आला. शर्यत टिकली, पण त्या दशकाच्या पूर्वार्धात अपघातांची संख्या वेदनादायक होती. एकट्या १९३३ च्या मे महिन्यात पाच जण दगावले. त्याला संस्थेने दिलेले उत्तर पुढे इतरांनीही स्वीकारले. १९३५ मध्ये चालकांना हेल्मेट सक्तीचे झाले आणि धावपट्टीभोवती धोक्याची सूचना देणारे रंगीत दिवे बसले. १९३६ पासून नवख्या चालकाला आधी चाचणी द्यावी लागू लागली. झिजलेल्या विटांवर टप्प्याटप्प्याने डांबर चढू लागले. त्याच १९३६ साली बोर्ग-वॉर्नर करंडक आला. त्यावर प्रत्येक विजेत्याचा चेहरा उठावात कोरला जातो. तीन वेळा जिंकणारे पहिले चालक लुई मायर यांनी त्या वर्षी शर्यतीनंतर ताक पिऊन तहान भागवली. विजेत्याने दुधाची बाटली उंचावण्याच्या प्रथेचे मूळ तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ अशी चार वर्षे शर्यत बंद होती. दरवाजांना कुलपे लागली, विटांच्या फटींतून गवत वाढले, लाकडी स्टँड कुजू लागले. नोव्हेंबर १९४४ मध्ये विल्बर शॉ एका टायर कंपनीच्या चाचणीसाठी येथे आले. १९३७, १९३९ आणि १९४० या वर्षांचे ते विजेते. ज्या धावपट्टीने आपल्याला नाव दिले तिची ही दशा त्यांना पाहवली नाही. जागेवर घरे बांधली जातील अशी चिन्हे दिसत होती. शॉ यांनी खरेदीदाराचा शोध सुरू केला आणि तो टेर होट गावचे व्यापारी अँटन हल्मन, सर्वांचे टोनी हल्मन, यांच्यापाशी संपला. ‘क्लॅबर गर्ल’ बेकिंग पावडरसाठी त्यांचे घराणे प्रसिद्ध होते. १४ नोव्हेंबर १९४५ रोजी साडेसात लाख डॉलरना व्यवहार झाला. शॉ अध्यक्ष झाले.

हाती जेमतेम साडेसहा महिने होते. साहित्याची टंचाई होती, कुशल माणसे नुकतीच युद्धावरून परतत होती. तरी ३० मे १९४६ रोजी दरवाजे उघडले. गर्दी इतकी लोटली की रस्ते तुंबले आणि अनेकांना सुरुवात पाहता आली नाही. ऑपेरा गायक जेम्स मेल्टन यांनी त्या दिवशी इंडियानाचे जे गीत गायले, ते पुढे शर्यतीचा अविभाज्य भाग झाले. जॉर्ज रॉबसन जिंकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अटलांटा येथील शर्यतीत त्यांचा अंत झाला. १९४७ मध्ये बक्षिसाच्या रकमेवरून चालकांची संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात ताण निर्माण झाला. तो मिटेपर्यंत मे महिना बराच उलटून गेला होता. हल्मन यांचे धोरण मात्र ठरलेले होते. शर्यतीतून येणारा पैसा शर्यतीच्याच जागेवर खर्च व्हायचा. लाकडी स्टँडच्या जागी पोलाद आणि काँक्रीट आले. १९५२ पासून स्वतःचे रेडिओ जाळे उभे राहिले, १९५६ मध्ये संग्रहालय उघडले, १९५७ मध्ये पिटची, म्हणजे गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात ती, जागा धावपट्टीपासून वेगळी झाली. १९५४ साली शॉ विमान अपघातात गेले आणि हल्मन यांनी अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. १९५५ मध्ये सलग तिसऱ्या विजयाकडे निघालेले बिल व्हुकोविच आघाडीवर असताना मृत्युमुखी पडले. त्या वर्षअखेर जुन्या नियामक मंडळाने मोटार शर्यतींतून अंग काढून घेतले, तेव्हा ‘युसॅक’ हे नवे मंडळ उभे राहिले. १९६१ मध्ये उरलेल्या विटाही डांबराखाली गेल्या. अंतिम रेषेवर एक यार्ड रुंदीचा पट्टा तेवढा उघडा ठेवला गेला.

याच १९६१ साली ऑस्ट्रेलियाचे जॅक ब्रॅबहम एक लहानशी ‘कूपर’ गाडी घेऊन आले. तिचे इंजिन चालकाच्या मागे होते. अमेरिकी कारागिरांच्या देखण्या, भारदस्त ‘रोडस्टर’ गाड्यांपुढे ती किरकोळ वाटली, पण नववी आली. चालक डॅन गर्नी यांनी ‘लोटस’चे कॉलिन चॅपमन यांना १९६२ ची शर्यत पाहायला बोलावले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडचे जिम क्लार्क ‘लोटस-फोर्ड’वर दुसरे आले. १९६४ मध्ये दुसऱ्याच फेरीत भीषण आग भडकली. एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक गेले आणि शर्यत थांबवावी लागली. पुन्हा सुरू झालेली ती शर्यत ए. जे. फॉयट यांनी जिंकली. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा तो येथील शेवटचा विजय.

संस्थेच्या आणि अमेरिकेतील या साऱ्या क्रीडाप्रकाराच्या इतिहासात १९६५ चा हंगाम मैलाचा दगड ठरला. आदल्या वर्षीच्या आगीचा धडा घेऊन नियम बदलले होते. पेट्रोल मागे पडून मिथेनॉल आले, किमान दोनदा थांबून इंधन भरणे सक्तीचे झाले, पिटमध्ये इंधन दाबाने न भरता उंचावरच्या टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने सोडायचे ठरले. सुरुवातीच्या ३३ गाड्यांपैकी २७ गाड्यांची इंजिने मागे होती. चार वर्षांत चित्र पूर्ण उलटले होते. पात्रता फेरीत क्लार्क यांनी ताशी १६० मैलांचा टप्पा ओलांडला आणि फॉयट यांनी १६१.२३३ मैलांनी त्यांच्याही पुढे जात पहिली जागा घेतली.

क्लार्क यांनी त्या आठवड्यात होणारी मोनॅकोची शर्यत सोडून इंडियानापोलिसला येणे पसंत केले. ३१ मे रोजी ‘लोटस ३८’ गाडीने २०० पैकी १९० फेऱ्या आघाडीवर काढल्या. व्हर्जिनियातील वुड बंधू हे स्टॉक कार शर्यतींतले नावाजलेले पिटकर्मी खास या दिवसासाठी आणले होते. त्यांनी इंधन भरण्याचे काम इतक्या झटपट उरकले की पिटमधील कसब हेही शर्यत जिंकण्याचे शास्त्र आहे, हे साऱ्यांना उमगले. क्लार्क यांचा सरासरी वेग ताशी १५०.६८६ मैल होता. दीडशेच्या वर गेलेली ही पहिली पाचशे मैलांची शर्यत आणि मागे इंजिन असलेल्या गाडीचा येथील पहिला विजय. त्याच वर्षी ते फॉर्म्युला वनचेही जगज्जेते ठरले. दुसरे पार्नेली जोन्स आले आणि तिसरा आला पहिल्यांदाच येथे उतरलेला २५ वर्षांचा मारिओ आंद्रेत्ती. गॉर्डन जॉनकॉक यांनी जुन्या रोडस्टरवर पाचवा क्रमांक मिळवून मावळत्या पिढीची शान राखली.

तो हंगाम इंडियानापोलिसपुरता नव्हता. मिलवॉकी, ट्रेंटन, फिनिक्स येथील डांबरी वळसे आणि स्प्रिंगफील्ड, ड्युक्वॉइन, सॅक्रामेंटो येथील एक मैलाच्या मातीच्या धावपट्ट्या एकाच विजेतेपदात मोजल्या जात. चालकाला मातीवर गाडी घसरवत नेता यायला हवी आणि डांबरावर रेषा अचूक धरता यायला हवी, अशी ती कसोटी. ऑगस्टमध्ये मिलवॉकीला फॉयट यांनी मातीवरची, पुढे इंजिन असलेली गाडी डांबरावर उतरवून पात्रता फेरीत पहिली जागा मिळवली आणि शर्यतीत दुसरे आले. जुन्या विद्येचा तो अखेरचा मोठा पराक्रम. वर्षभरात फॉयट यांनी आंद्रेत्तीपेक्षा जास्त शर्यती जिंकल्या. पण मेकॅनिक क्लिंट ब्रॉनर यांनी सज्ज ठेवलेल्या गाडीवर सातत्याने वरचे क्रमांक मिळवून आंद्रेत्ती राष्ट्रीय विजेता ठरला. इटलीहून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबातील हा मुलगा पुढे १९६९ मध्ये इंडियानापोलिसचा आणि १९७८ मध्ये फॉर्म्युला वनचाही विजेता झाला.

वेग वाढत गेला आणि त्याची किंमतही. १९७३ च्या मे महिन्यातील अपघातांनी आर्ट पोलार्ड आणि स्वीड सॅव्हेज या चालकांचे आणि पिटमधील अर्मांडो टेरान या तरुणाचे प्राण घेतले. पावसाने लांबलेली शर्यत तिसऱ्या दिवशी १३३ फेऱ्यांवर संपली. लगेच इंधनाच्या टाक्या लहान झाल्या आणि गाड्यांच्या मागच्या पंखांचा आकार कमी झाला. १९७१ पर्यंत स्त्रियांना पिटमध्ये आणि गॅरेजमध्ये प्रवेश नव्हता, ही या संस्थेच्या इतिहासातील उणीव आहे. १९७७ मध्ये जॅनेट गथ्री या अभियंता महिलेने येथे शर्यतीत उतरून ती भरून काढायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्या नवव्या आल्या. १९७७ सालीच टॉम स्नीव्हा यांनी ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली आणि फॉयट चौथ्यांदा जिंकणारे पहिले चालक झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये टोनी हल्मन यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर घराण्यातील स्त्रियांनी, पत्नी मेरी आणि कन्या मारी यांनी, संस्थेची धुरा सांभाळली.

यानंतरचा काळ दुहीचा होता. एप्रिल १९७८ मध्ये विमान अपघातात युसॅकचे आठ पदाधिकारी गेले. १९७९ मध्ये संघमालकांनी ‘कार्ट’ ही स्वतंत्र संघटना काढली. धावपट्टीवर मात्र खेळ बहरत होता. १९९२ मध्ये धाकटे अल अन्सर अवघ्या ०.०४३ सेकंदाने जिंकले. १९९६ मध्ये हल्मन यांचे नातू टोनी जॉर्ज यांनी केवळ वळसेदार धावपट्ट्यांवरील शर्यतींची ‘इंडी रेसिंग लीग’ सुरू केली. पहिल्या हंगामात तीनच शर्यती होत्या आणि विजेतेपद बझ कॅल्किन्स व स्कॉट शार्प यांना विभागून मिळाले. बहुतेक नामवंत संघ इंडियानापोलिस ५०० च्याच दिवशी मिशिगनमध्ये वेगळ्या शर्यतीत उतरले. इंडियानापोलिसला पात्रता फेरीत पहिली जागा मिळवलेले स्कॉट ब्रेटन सरावात दगावले. शर्यत जिंकली ती पाठीच्या गंभीर दुखापतीतून उठलेल्या बडी लाझियर यांनी. आरी लायेंडाइक यांनी त्या मे महिन्यात नोंदवलेला चार फेऱ्यांचा ताशी २३६.९८६ मैल हा विक्रम अद्याप अबाधित आहे. ही फूट भरायला बारा वर्षे लागली. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक दुरावले, प्रायोजक आटले. २००८ मध्ये दोन्ही मालिका एकत्र आल्या.

त्या कठीण काळातही एक काम झाले, ज्याचे ऋण साऱ्या मोटार शर्यती मानतात. नेब्रास्का विद्यापीठातील डीन सिकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लीगच्या पाठबळावर पोलादी नळ्या आणि फोम यांची आघात शोषणारी भिंत तयार केली. मे २००२ मध्ये ती सर्वप्रथम येथील वळणांवर बसली आणि पुढे देशभरच्या धावपट्ट्यांनी ती स्वीकारली. २००० ते २००७ या काळात येथे फॉर्म्युला वनही झाली. १९ जून २००५ च्या शर्यतीत टायरच्या वादामुळे चौदा गाड्या माघारी गेल्या. प्रेक्षकांची मोठी निराशा झाली. उरलेल्या सहा गाड्यांत कोइम्बतूरच्या नारायण कार्तिकेयनची गाडी होती. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला.

२०१६ मध्ये शंभराव्या शर्यतीची सर्व तिकिटे प्रथमच संपली. नवखे अलेक्झांडर रॉसी जिंकले. २०१७ मध्ये जपानचे ताकुमा सातो हे पहिले आशियाई विजेते ठरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये हल्मन-जॉर्ज घराण्याने संस्था रॉजर पेन्स्की यांच्याकडे सोपवण्याचे जाहीर केले. १९५१ साली वडिलांचे बोट धरून ते येथे पहिल्यांदा आले होते आणि पुढे त्यांच्या संघाने ही शर्यत विक्रमी वेळा जिंकली. कारभार हाती येताच महासाथ आली. २०२० ची शर्यत ऑगस्टमध्ये, रिकाम्या स्टँडसमोर झाली. पुढच्या वर्षी मर्यादित प्रेक्षकांसमोर एलिओ कॅस्ट्रोनेव्हिस चौथ्यांदा जिंकले आणि फॉयट, थोरले अल अन्सर व रिक मिअर्स यांच्या पंक्तीला बसले. २०२५ च्या एप्रिलमध्ये नूतनीकरण झालेले संग्रहालय खुले झाले. मे महिन्यात १०९ व्या शर्यतीला स्टँड पूर्ण भरले आणि ॲलेक्स पालू हे स्पेनचे पहिले विजेते ठरले.

१९८७ पासून या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. ११६ वर्षांत या जागेची मालकी केवळ तीनदा बदलली. फिशर आणि त्यांच्या भागीदारांनी रिकनबॅकर यांना विटांची भक्कम धावपट्टी दिली. रिकनबॅकर यांनी मंदी निभावून, हेल्मेटची शिस्त रुजवून ती हल्मन यांच्या हवाली केली. हल्मन घराण्याने उजाड जागेचे तीर्थक्षेत्र केले, आणि पेन्स्की यांच्या हाती सुरक्षित भिंतींची, एकसंध मालिकेची संस्था दिली. यांच्या मागे विटा बसवणारे मजूर, शेजारच्या आसनावर जीव धोक्यात घालणारे मेकॅनिक, सेकंदांत टायर बदलणारे पिटकर्मी, धावपट्टीवरचे डॉक्टर आणि अग्निशामक, तसेच पहाटेपासून प्रवेशद्वारांवर उभे राहणारे पिवळ्या सदऱ्यांतील कर्मचारी उभे आहेत. मालक बदलले, गाड्या बदलल्या, वेग तिपटीवर गेला. अडीच मैलांचा वळसा तोच राहिला, आणि मिळाले त्यापेक्षा चांगले करून पुढे देण्याची रीतही.